टर्बो ट्रकचा दम गेला, डॅशबोर्डवर दिवा लागला: कळंबोलीच्या गॅरेजमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेला ट्रेलर असो, न्हावा-शेव्याचा कंटेनर, तुर्भ्याच्या मार्केटला भाजी टाकून परतणारा टेम्पो किंवा तळोजा एमआयडीसीतला टँकर, तक्रार सगळ्यांची एकाच सुरात येते: "गाडी ओढत नाही, आणि वर दिवापण लागलाय." खालचे प्रश्न मालक, सुपरवायझर आणि ड्रायव्हर मंडळी आम्हाला रोज विचारतात. उत्तरं मुख्यतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष) डिझेल गाड्यांना धरून दिली आहेत. जुन्या गाड्यांचं पुढे वेगळं लिहिलं आहे.

दिवा लागला की गाडी जागच्या जागी थांबवायची का?

आधी दिव्याचा रंग बघा. लाल असेल तर थांबायचंच. ऑइलच्या किटलीचं चिन्ह लाल झालं असेल तर "पुढच्या पंपापर्यंत नेतो" हा विचारसुद्धा करू नका. टर्बोचा, म्हणजे इंजिनला हवा दाबून देणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइलचं प्रेशर गेलं की टर्बो आणि इंजिनचे बेअरिंग दोन्ही थोड्या वेळात संपतात. पाण्याचं टेंपरेचर लाल झालं तरी तेच. गरम रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

पिवळा दिवा म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकलंय. टेंपरेचर आणि ऑइल ठीक असेल, विचित्र आवाज नसेल, तर गाडी हळू चालवत सुरक्षित जागी न्या. मुंब्रा बायपासच्या चढावर किंवा गायमुखच्या वळणावर मधोमध गाडी उभी करण्यापेक्षा कमी रेसवर पुढे सरकलेलं केव्हाही बरं.

दिवा लागल्यापासून गाडी एका ठराविक वेगाच्या पुढे जातच नाही. इंजिन बसलं का?

बहुधा नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जायला सुरुवात होते.

पहिली गोष्ट, इंजिनला खरोखरच ताकद बनवता येत नाही. हवा कमी, डिझेल कमी किंवा सायलेन्सरकडे वाट बंद. दुसरी गोष्ट, इंजिन ताकद बनवू शकतं, पण कॉम्प्युटरने मुद्दाम हात आखडता घेतलाय. एखादा सेन्सर न पटणारं माप देतोय, टेंपरेचर वाढतंय, युरियात (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) गडबड आहे, असं काही दिसलं की तो डिझेल कमी करतो. याला लिंप मोड म्हणतात. गाडी घरी पोचावी, पण इंजिन जळू नये, एवढाच त्याचा हेतू.

दोन्हींची लक्षणं वेगळी असतात. लिंप मोडमध्ये दम एकदम जातो, बटण दाबल्यासारखा, आणि त्याच क्षणी दिवा लागतो. गाडी बंद करून थोड्या वेळाने चालू केली की अनेकदा काही अंतर व्यवस्थित ओढते, मग पुन्हा तेच. खरी ताकद कमी झालेली असेल तर दम हळूहळू जातो. ड्रायव्हरला "हल्ली जरा जड वाटतेय" असं आठवडाभर वाटत असतं, आणि दिवा सगळ्यात शेवटी येतो. म्हणून आम्ही विचारतो, "आधी दम गेला की आधी दिवा लागला?" या एका उत्तराने आमचं निम्मं काम हलकं होतं, पण ते उत्तर ड्रायव्हरकडेच असतं. ऑफिसातून फोन करणाऱ्या शेठना ते माहीत नसतं.

ड्रायव्हर म्हणतो टर्बो गेला. बदलून टाकू का?

थांबा. कमी बूस्टची (टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर) तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत टर्बो धडधाकट असतो आणि दोष त्याच्या मागेपुढे असतो, हे आम्ही नेहमी बघतो. टर्बो बिचारा फक्त हवा दाबून देतो. हवा आत घेताना अडली, दाबलेली हवा वाटेत गळली, किंवा त्याला फिरवणारा गरम धूरच मधे कुठे निसटला, तर तो काय करणार?

टर्बो खरोखर गेला का हे बघायला इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि एअर क्लीनरकडचा पाईप काढा. बोटाने शाफ्ट हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर घाबरायचं कारण नाही, ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. पुढे-मागे हाताला जाणवेल इतका सरकत असेल, पंख्याची पाती कडेला घासलेली असतील, पात्यांना खपल्या पडल्या असतील किंवा शाफ्ट अडकत फिरत असेल, तर टर्बो खोलावा लागेल. पाईपच्या आत ऑइलचा हलका ओलसरपणा जवळजवळ प्रत्येक गाडीत सापडतो. तेवढ्यावरून टर्बोला फाशी देऊ नका. पाईप वाकडा केल्यावर ऑइल ओघळलं, तर ती गोष्ट वेगळी.

मग तुम्ही सगळ्यात आधी काय बघता?

हवेची वाट. एअर क्लीनरपासून इंजिनच्या तोंडापर्यंत, आणि तिथून सायलेन्सरच्या टोकापर्यंत. यात महागडं यंत्र लागत नाही, चांगला टॉर्च आणि धीर लागतो.

एअर क्लीनर उघडतो. उलवे-पनवेलकडची बांधकामं, खडीच्या खाणी आणि तळोज्याचे रस्ते यांची धूळ बघता कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरपर्यंत इथे जाळी (आतला कागदी फिल्टर) टिकेल असं धरू नये. कॉम्प्रेसरची हवा मारून तीच जाळी पुन्हा पुन्हा बसवणारे आहेत. जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात, आणि मग धूळ सरळ टर्बोच्या पात्यांवर जाते. जाळीचे पैसे वाचले, टर्बो गेला.

त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून इंजिनपर्यंतचे होज, म्हणजे रबरी पाईप. आमच्याकडे सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात. होज वरून छान दिसतो, खालच्या बाजूला क्लॅम्पपाशी चिरलेला असतो. गाडी उभी असताना चीर मिटलेली, चढावर पूर्ण रेस दिली की उघडते. म्हणून इंजिन बंद असताना नुसतं बघून "होज चांगला आहे" असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. होज हाताने पिळून, वळवून बघावा लागतो. क्लॅम्पच्या आसपास काळपट तेलकट धूळ चिकटली असेल तर तिथून हवा बाहेर फुंकली जातेय, हे नक्की. क्लॅम्पही साधा पेचाचा चालत नाही. गरम झाल्यावर रबर फुगतं, थंड झाल्यावर बसतं, म्हणून स्प्रिंगचा किंवा टी-बोल्टचा क्लॅम्प मुळात जिथे होता तिथे तोच हवा.

इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतील तर त्यांच्या सांध्यात भेगा जातात. खात्री करायची तर वाट दोन्हीकडून बंद करून, रेग्युलेटर लावून सुमारे १ बार हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे सगळं सांगतात. रेग्युलेटरशिवाय थेट कॉम्प्रेसरचा पाईप लावू नका. बुच उडून माणूस जखमी होतो.

शेवटी गरम बाजू. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्या मधल्या गॅस्केटपाशी काजळीचा पट्टा दिसला तर टर्बोला फिरवणारी ताकद तिथूनच निसटतेय. आणि एक जागा हमखास राहून जाते, ती म्हणजे एक्झॉस्ट ब्रेकची फडकी (धुराची वाट अडवणारी झडप). घाट उतरताना वापरायची ती फडकी अर्धवट बंद अवस्थेत अडकली तर इंजिनला श्वास सोडता येत नाही. गाडी जड चालते, टेंपरेचर वाढतं. तिचा हात खाली जाऊन हलवून बघायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आमच्या गाडीचा धूर तर अजिबात काळा नाही. मग हवा गळत असेल कशी?

हा प्रश्न जुन्या मिस्त्रींकडून जास्त येतो, आणि त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त तो आधीच्या गाड्यांचा आहे. हवा कमी पडली की डिझेल पूर्ण जळत नाही आणि काळा धूर येतो. पण बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या जागी डीपीएफ, म्हणजे धुराची गाळणी आहे. काजळी तो आतच पकडून ठेवतो. धूर दिसत नाही, डीपीएफ मात्र लवकर भरतो. म्हणून डीपीएफ वारंवार भरत असेल तर फक्त तो साफ करून देणाऱ्या गॅरेजला विचारा की काजळी इतकी येतेय कुठून.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पांढरा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट आत जातंय का ते तपासा.

स्कॅनरने कोड काढला. कोडमध्ये ज्याचं नाव आलं तो पार्ट बदलला की झालं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. कोडवरून तक्रार कशाची आहे ते कळतं, गुन्हेगार कोण ते कळत नाही.

समजा पी०२९९ आला. त्याचा अर्थ, कॉम्प्युटरने जितका बूस्ट मागितला तितका मिळाला नाही. टर्बो खराब आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कारण फाटका होज असेल, बंद जाळी असेल, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असेल, वेस्टगेटची (टर्बोचा जास्तीचा धूर बाजूला सोडणारी झडप) नळी निघालेली असेल. पी००८७ म्हणजे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामायिक नळी) डिझेलचं प्रेशर कमी. त्याच्यामागे साधा फिल्टरही असू शकतो आणि हाय प्रेशर पंपही.

मोठ्या ट्रकमध्ये कोड बहुतेक वेळा एसपीएन आणि एफएमआय अशा जोडीने येतो. एसपीएन सांगतो कशाबद्दल, एफएमआय सांगतो काय बिघडलं. एसपीएन १०२ म्हणजे बूस्ट प्रेशर. त्याच्यापुढे एफएमआय १८ असेल तर प्रेशर खरोखर कमी पडतंय, होज तपासा. एफएमआय ३ किंवा ४ असेल तर सेन्सरचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलाय, वायर आणि कनेक्टर तपासा. पहिला आकडा तोच, दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी. गॅरेजवाल्याने तुम्हाला फक्त पहिला आकडा सांगितला तर दुसरा मागून घ्या.

कोडपेक्षा आम्ही चालत्या गाडीच्या आकड्यांवर जास्त विसंबतो. इंजिन बंद, चावी चालू: कळंबोली समुद्रसपाटीला लागून आहे, त्यामुळे बूस्टच्या सेन्सरने इथल्या हवेचा दाब म्हणजे साधारण १०० किलोपास्कल दाखवायला हवा. इंजिन बंद असताना तो १३० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय, टर्बो खोलायची गरजच नाही. मग स्कॅनर लावून गाडी चढावर न्यायची, कमी रेसपासून पूर्ण पेडल दाबायचं आणि मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर हे चार आकडे शेजारी शेजारी बघायचे. चांगली गाडी भरल्या चढावर २०० ते २५० किलोपास्कलपर्यंत जाते. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो. आधी बूस्ट पडला तर हवेकडे जा, आधी रेल प्रेशर पडलं तर डिझेलकडे. दोन्ही मागणीइतके मिळतायत पण मागणीच कमी आहे, तर कॉम्प्युटरने हात आखडलाय, आणि कारण तिसरीकडेच आहे.

कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेम लिहून किंवा फोटो काढून ठेवा. कोड आला तेव्हा वेग, लोड, टेंपरेचर काय होतं ते त्यात असतं. "दिवा घालवून द्या, ट्रिप आहे" म्हणून कोड पुसून घेतला की हा पुरावा जातो आणि दिवा दोन दिवसांत परत येतो.

ऑनलाइन मिळणारा मोबाईलचा छोटा स्कॅनर चालेल का?

१२ व्होल्टच्या पिकअपला बऱ्याचदा चालतो, निदान इंजिनचे कोड वाचायला. २४ व्होल्टच्या ट्रकला तो लावू नका. स्वस्तातले बरेच स्कॅनर १२ व्होल्टसाठी बनवलेले असतात, आणि ट्रकच्या कॉम्प्युटरची भाषाही त्यांना कळत नाही.

पावसाळ्यातच गाडीचा दम का जातो?

डिझेलमध्ये पाणी हे पहिलं कारण. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, किंवा जिथून डिझेल भरलं तिथलंच खराब. वॉटर सेपरेटरच्या खालचा नळ उघडून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी तळाला बसतं, स्पष्ट दिसतं. पाणी निघालं तर सेपरेटर रिकामा करून थांबू नका, टाकीचा तळही बघा. कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलच देतं, पाणी गेलं की पंप आतून खरवडतो आणि त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. मग जे बिल येतं ते बघून मालकाला घाम फुटतो. रस्त्याच्या कडेला "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात मिळणारं काहीतरी टाकीत ओतणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

एक सक्त सूचना: इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाईपचा नट सैल करून "एअर काढायची" जुनी सवय कॉमन रेल गाडीत जिवावर बेतू शकते. आयडलवरच तिथे ३०० बारच्या आसपास प्रेशर असतं, लोडवर हजाराच्या वर. ती धार कातडी भेदून आत जाते. एअर फक्त फिल्टरवरच्या हातपंपाने काढायची.

दुसरं कारण कनेक्टरमध्ये पाणी. उरण बाजूच्या खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात. सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरचं पाणी मारून घेतल्यानंतर लगेच दिवा लागला असेल, तर शोध तिथूनच सुरू करा.

आमची गाडी बंदराच्या रांगेत तासन्‌तास उभी असते. डीपीएफचा दिवा सतत येतो. काय करायचं?

न्हावा-शेव्याच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांचं हे जुनंच दुखणं. डीपीएफमधली काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. गाडी रांगेत आयडलवर उभी, मग दहा-पंधरा किलोमीटर, मग पुन्हा यार्डात उभी. धूर तापतच नाही. त्यात रिजनरेशन (काजळी जाळायची प्रक्रिया) सुरू झालं आणि ड्रायव्हरने मधेच इंजिन बंद केलं की अर्धवट राहतं.

शक्य असेल तिथे रांगेत इंजिन बंद ठेवा. डीपीएफचा दिवा आला की पहिल्याच संधीला गाडी मोकळ्या महामार्गावर, जरा वरच्या रेसवर, वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. तरी दिवा गेला नाही, तर गाडी उभी ठेवून डॅशबोर्डच्या बटणाने रिजनरेशन करता येतं. त्या वेळी सायलेन्सर भयंकर तापतो, त्यामुळे वाळलेलं गवत, ताडपत्री किंवा टँकर शेजारी नको, आणि केमिकल कंपनीच्या आवारात तर मुळीच नको. हे सगळं दुर्लक्षून दिवा लुकलुकू लागला की कॉम्प्युटर ताकद कमी करतो, आणि त्याच्याही पुढे गेल्यावर काम स्कॅनरशिवाय होत नाही.

काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइल जळून उरलेली राख डीपीएफमध्ये साठत जाते, ती बाहेर काढूनच साफ करावी लागते. कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा. आणि डीपीएफ "भरलाय" असा कोड आला तर त्याच्या दोन बारीक प्रेशर नळ्या आधी तपासा. एखादी फुटली किंवा काजळीने बुजली की चांगला डीपीएफसुद्धा भरलेला किंवा फुटलेला वाटतो.

युरिया भरलेला आहे, तरी युरियाचा दिवा आहे आणि गाडी दम देत नाही. असं का?

टाकी भरलेली असणं पुरेसं नाही, आत काय भरलंय ते महत्त्वाचं. आपण ज्याला नुसतं युरिया म्हणतो त्या डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी असतं. गाडी त्याचा दर्जाही मोजते आणि सायलेन्सरच्या टोकाला नायट्रोजन ऑक्साइड कमी झाले का तेही तपासते. शेतीचा युरिया पाण्यात ढवळून भरणारे महाभाग अजून आहेत. आपल्याकडचा शेतीचा युरिया नीमलेपित असतो, त्यात बाय्युरेट नावाची अशुद्धी असते. त्याने नोझल आणि कॅटलिस्ट दोन्ही खराब होतात. अनुदानाच्या युरियाचा असा वापर बेकायदा आहे, ते वेगळंच.

चांगला डीईएफही उन्हात खराब होतो. ३५ अंशांत तो साधारण सहा महिने टिकतो. कॅबिनमागे पत्र्यावर तापत पडलेल्या कॅनची तारीख बघा. शंका असेल तर आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून लगेच सांगतो.

आता ड्रायव्हर मंडळींसाठी खास. गाडी बंद केल्याबरोबर बॅटरीचा कटऑफ फिरवू नका. चावी बंद केल्यानंतरही युरियाचा पंप नळीतला युरिया परत टाकीत ओढत असतो, त्याला एक-दोन मिनिटं लागतात. लगेच कटऑफ मारला की युरिया नळीत आणि नोझलमध्ये सुकतो, पांढरे खडे होतात आणि वाट बंद होते. चोरीच्या भीतीने कटऑफ मारायची सवय चांगली आहे, फक्त आधी पावती नीट ठेवा, काचा वर घ्या, मग कटऑफ.

ईजीआर, डीपीएफ, युरिया सगळं बायपास करून द्याल का? दुसरीकडे करून देतात.

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगीशिवाय गाडीत फेरफार केल्यास मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणासाठी कलम १९०(२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंड वेगळा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमचा अनुभव असा, की बायपास करायला आलेल्या गाडीत मूळ दोष होज, इंजेक्टर किंवा कनेक्टरचा असतो. बायपासने तो जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

दिवा कधी लागतो, कधी आपोआप जातो. गॅरेजला आणली की गाडी एकदम शहाणी.

असा दोष बहुतेक वायरिंगचा असतो. चेसिसला घासून सोललेली वायर, सैल अर्थ, उंदराने कुरतडलेला लूम, म्हणजे वायरांचा जुडगा (बाजारात उभ्या गाड्यांत उंदीर हमखास), किंवा सेन्सरच्या कनेक्टरमध्ये सैल झालेली पिन. इंजिन चालू ठेवून लूम एकेका ठिकाणी हलवायचा आणि स्कॅनरवर आकडा कुठे उडी मारतो ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, घाई करून जमत नाही.

दोन स्विच विसरू नका. अ‍ॅक्सिलरेटर पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, त्यांचे आकडे जुळले नाहीत की गाडी रेस घेत नाही. आणि ब्रेकचा स्विच अडकला तर कॉम्प्युटरला वाटतं ब्रेक दाबलाय, म्हणून तो रेस कापतो. मागून कोणाला तरी ब्रेक लाईट बघायला सांगा. पाय नसताना लाईट चालू असेल तर दोष सापडला.

दिवा नाही, कोड नाही, तरी गाडी ओढत नाही.

मग इंजिनाबाहेर बघा. रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. थोडं चालवून उतरल्यावर एखाद्या चाकाचा हब बाकीच्यांपेक्षा फार गरम लागतोय, तर ब्रेक धरून बसलाय. टायरची हवा, जास्त भरलेला माल, हेही. डिझेलच्या टाकीची श्वासनळी बुजली तरी तासाभराने दम जातो आणि झाकण उघडल्यावर "फुस्स" होऊन गाडी पुन्हा चालते.

गाडी ८० च्या वर जातच नाही. हा कुठला दोष?

दोष नाही, स्पीड गव्हर्नर आहे. मालवाहू गाड्यांना ८०, आणि डंपर, टँकर, घातक माल नेणाऱ्या गाड्यांना ६० ची मर्यादा नियमातच आहे.

आमची गाडी जुनी, कॉम्प्युटर नसलेली. तिला यातलं काय लागू?

हवा आणि डिझेलचं सगळं लागू. मेकॅनिकल पंपाच्या टर्बो गाडीत आणखी एक गोष्ट बघा: इंजिनच्या मॅनिफोल्डपासून पंपाच्या डोक्यावर जाणारी बारीक नळी. बूस्ट वाढला की पंपाने डिझेल वाढवावं, हे तिच्यामुळे होतं. ती फुटली किंवा आतला पडदा फाटला की गाडी सुरू होते, धूर नाही, आवाज नाही, आणि कसारा घाटात मात्र रडते. पंप खोलायच्या आधी ही नळी.

नवा टर्बो बसवला, तोही थोड्या दिवसांत गेला. बनावट निघाला का?

असेलही. पण जुना टर्बो कशाने गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवला तर तोही जाणारच. ऑइल आणणारा पाईप आतून कोळशाने बुजलेला असतो, तो धुऊन नाही, बदलून घ्या. ऑइल परत जाणारा पाईप वाकलेला किंवा अरुंद झाला असेल तर ऑइल टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून बाहेर येतं, लोक म्हणतात सील गेला. इंजिनचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी नळी) बंद असेल तरी तेच होतं. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन फासू नका, त्याचा तुकडा सुटून ऑइलची वाट अडवतो. जुन्या टर्बोचं पातं तुटलं असेल तर इंटरकूलर नीट साफ करा किंवा बदला, धातूचे कण आतच बसलेले असतात.

बसवताना टर्बोत हाताने ऑइल ओता, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं आयडलवरच ठेवा. रोजच्या वापरातही घाट चढून आल्यावर किंवा हायवेवरून उतरल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवूनच बंद करा. टोलनाक्यावरून हॉटेलच्या आवारात शिरता शिरता चावी फिरवणारे ड्रायव्हर टर्बो लवकर संपवतात.

शिळफाट्याला किंवा खंडाळ्याच्या घाटात भरलेली गाडी लिंप मोडमध्ये गेली तर?

हझार्ड लाईट लावा, डाव्या कडेला घ्या, त्रिकोण मागे ठेवा, चाकाला ओट (गाडी घसरू नये म्हणून अडथळा) लावा. बंद करण्याआधी डॅशबोर्डचा फोटो काढा. सगळे दिवे, टेंपरेचर, हवेचं प्रेशर त्यात यायला हवं. ऑइल, कूलंट बघा, होज निघालाय का ते बघा. निघालेला होज तिथेच बसवता येतो. लाल दिवा नसेल तर चावी बंद करून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. दम आला तर घाट पार करून सुरक्षित जागी जा, पण हे एकदाच. दर चढावर बंद-चालू करत पुण्यापर्यंत जायचं नाही.

मालाचा ई-वे बिल विसरू नका. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बंद पडल्यामुळे मुदत संपत असेल तर संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर या वेळात ती वाढवता येते. ड्रायव्हरने ऑफिसला वेळेत कळवलं तरच ते जमतं.

गाडी दाखवायला रिकामी आणू की भरलेली?

जमलं तर भरलेली. रिकाम्या गाडीत इंजिनला पूर्ण बूस्ट मागायची वेळच येत नाही, त्यामुळे चिरलेला होज गप्प बसतो. माल घाईचा असेल तर रिकामी आणा, पण तिच्यासोबत तोच ड्रायव्हर पाठवा ज्याच्या हातात ती बिघडली होती. दुसरा ड्रायव्हर चावी देऊन चहाला निघून जातो आणि आम्ही विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसतं. शेवटचं डिझेल आणि युरिया कुठे भरलं त्याच्या पावत्या, आधी कोणी काय बदललं त्याची बिलं, आणि काढलेले जुने पार्ट असतील तर तेही गाडीत टाका. ठाण्याहून येणार असाल तर अवजड गाड्यांच्या बंदीची वेळ बघून निघा, आणि येताना मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी कुठल्या गियरमध्ये किती रेसवर मरायला लागली तेवढं लक्षात ठेवा.